पडला नाही, मारला

मार्गशीर्ष वद्य षष्ठी, शके १८२६

हुसेन, उशीर झाला, रागावू नकोस. ईदला आलास तेव्हा ही वही देऊन गेलास आणि म्हणालास, बाबा, घरात काय चाललंय ते रोज चार ओळी लिहून ठेवा, मी आलो की वाचीन. तू इचलकरंजीला मागावर परत गेलास त्याला पंधरवडा होत आला आणि मी आज पहिली ओळ लिहितोय. हात धजत नव्हता. माझ्या चार यत्ता कधीच्या काळी झालेल्या. कापूस पिंजायच्या पिंजणाची तात ओढून ओढून बोटं ताठली आहेत, बोरू धरवत नाही. शिवाय तोंडानं बोललेलं माणसाला फिरवता येतं, लिहिलेलं तसंच राहतं. याचीही भीती वाटते.

घरी सगळं ठीक. तुझी सलिमा बरी, लेक खतिजा बरी. थंडीचा हंगाम म्हणून कापूस माळ्यापर्यंत भरलाय. मंगळवार पेठेतल्या गाद्या आणि रजया अजून माझ्याकडंच भरायला येतात. नदीकडच्या गल्ल्यांत गाठीचा ताप पुन्हा सुरू झालाय म्हणतात. तिकडची माणसं घरं मोकळी करून माळावर झोपड्यांत चालली आहेत. आपल्या पेठेत काही नाही. मला सध्या घोर लागलाय तो घुशींचा. घरामागच्या परड्यातून बिळं पाडून त्या थेट सरकीच्या पोत्यांपर्यंत आल्या आहेत.

मार्गशीर्ष वद्य अष्टमी

एक सांगायचं राहिलं. खतिजानं तालमीच्या दारातून एक कुत्रं आणलंय. दोन्ही कान मोडके, तालमीतल्या गड्यांसारखे, म्हणून त्याचं नाव पैलवान. मी दोनदा हाकललं, दोनदा परत आलं. शेवटी म्हटलं, परड्यात राहू दे, उंबऱ्याच्या आत नको.

परड्यात त्यानं नुसता धुमाकूळ मांडलाय. खारीमागं धावतं आणि पेरूच्या बुंध्यावर तोंड आपटून घेतं. भिंतीखालच्या मुंगसानं काल त्याचं नाक फोडलं, तरी आज पुन्हा तिथंच उकरत बसलंय. माझ्या जिवाला धाकधूक. एखाद्या दिवशी बिळातून लांब जनावर निघालं आणि या मूर्खानं ते धरून खतिजाच्या पुढ्यात आणून टाकलं तर काय करायचं? दिवसातून दहा वेळा मागच्या दारी जाऊन बघतो. सलिमा म्हणते, बाबा, तुम्ही कुत्र्याला राखताय की कुत्रं तुम्हाला?

मार्गशीर्ष वद्य एकादशी

आज पैलवानानं घूस मारली. मांजराएवढी. भर उन्हात ती परड्याच्या मध्ये आली, पाय ओढत, दारू प्यालेल्या माणसासारखी झुलत. पैलवानाला धावावं लागलं नाही. चालत गेला, मान धरली, एकदा झटकली, संपलं. मला वाटतं कुत्र्याची एकदा दहशत बसली की घुशीचे पाय असेच लुळे पडत असणार.

शेजारची बायडाबाई भिंतीवरून बघत होती. तुला माहीतच आहे, तिचं हळू बोलणंही चावडीपर्यंत ऐकू जातं.

“आगं बया! फक्रूभाई, ह्यो कुत्रा हाय का वाघ?”

मी म्हटलं, “पैलवान आहे.”

“मग उद्या आमच्या गोठ्यात धाडा की कुस्तीला. म्हशीच्या सरकीत घुशींनी बाळंतपणं मांडल्यात.”

घूस शेपटीला धरून तिच्या गोठ्यामागच्या उकिरड्यात टाकली. तुला खरं सांगतो, बऱ्याच दिवसांनी मला हसू आलं.

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी

पैलवानाचं नाव झालं. बायडाबाईच्या गोठ्यात त्यानं एका दुपारात पाच-सहा घुशी लोळवल्या. मग समोरच्या वाण्याच्या वखारीतून बोलावणं आलं. मग कोपऱ्यावरच्या धान्याच्या कोठीतून. मी दोरी धरून पुढं आणि खतिजा शेपटीमागं. लोक दारात उभे राहून बघतात. काल एकानं हाक मारली, “अहो पैलवानाचे वस्ताद!” या पेठेत मी जन्म काढला, पिंजारी म्हणूनच लोकांनी ओळखलं. वस्ताद कुणी म्हटलं नव्हतं.

आजकाल त्याला झुंजावं लागतच नाही. घुशी आणि उंदीर आपणहून उजेडात येतात आणि कडेला बसून राहतात. चांगला तयार झालाय कुत्रा.

आता त्याला आत घेतो. कापसाच्या ढिगाशी बसला की रात्रभर सरकीला कुणी तोंड लावत नाही. खतिजा त्याच्या पोटाला पाठ लावून झोपते. सलिमाला हे पटत नाही. म्हणाली, “बाबा, तुम्हीच म्हणायचा ना, कुत्रं घरात असलं की फरिश्ते येत नाहीत?”

मी म्हटलं, “घुशीही येत नाहीत.”

ती हसली नाही. खतिजाच्या पायांवर पिसवांचे डाग उठले होते ते तिनं मला दाखवले. मी म्हटलं, कडुलिंबाच्या पाल्यानं अंघोळ घाल, जातील.

पौष शुद्ध तृतीया

आज जोतीराम शिपाई आला. गाठीच्या तापाच्या कामावर नेमलेला. दारोदार एकच सवाल विचारत फिरतो.

“चाचा, घरात उंदीर पडला का?”

“नाही.”

“नीट आठवून सांगा. पडल्याला लपिवला आन् मागनं कळलं, तर माझी नोकरी जाईल आन् तुमचा कापूस.”

मी विचारलं, “कापूस कशाला?”

“उंदीर पडल्यालं घर मोकळं करायचं, कौलं काढून ऊन आत सोडायचं, आन् कापूस, वाकळा, चिंध्या, जे काय असंल ते जाळायचं. हुकूमच हाय.”

मी माळ्यापर्यंतच्या ढिगाकडं बघितलं. पण खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून सगळं सांगून टाकलं. म्हटलं, “जोतीराम, पडला एकही नाही. आमचं कुत्रं मारतंय ते वेगळं. रोज दोन-चार मारतंय.”

त्यानं पैलवानाकडं बघितलं. मग म्हणाला, “कुत्र्यानं मारल्याल्याचं आमास्नी काय न्हाय. आपोआप मरून पडल्याला इचारत्यात. त्यो न्हाय न्हवं?”

“नाही.”

“मग झालं तर.” जाता जाता पैलवानाच्या डोक्यावर थोपटून म्हणाला, “माझ्या घरालाबी एकदा न्या की ह्याला.”

अगदी मोकळं वाटलं. सरकारी माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. पडला तो वेगळा, मारला तो वेगळा.

पौष शुद्ध पंचमी

सलिमाशी बोलाचाली झाली. वाण्याची माणसं माळावर गेली, म्हणून हीही म्हणते जाऊ या. म्हणते, सकाळी चुलीमागं एक उंदीर होता, पैलवान तिकडं गेलाच नव्हता.

मी बघितला. त्याच्या अंगावर दाताची खूण दिसत नव्हती, हे खरं. पण कुत्रं कधी नुसतं झटकूनही मारतं, आणि रात्रभर ते घरातच होतं. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला कापूस राखायचाय.”

एवढं मोठं बोलली.  तिला नाही, तुला इथं लिहितो. मागच्या साथीत हुकूम झाला तसे आम्ही मुकाट्यानं माळावर गेलो होतो. आपल्या घरात ताप नव्हता, काही नव्हतं. तुझी आई, बिबीजान, झोपडीतल्या गारठ्यानं खोकून खोकून गेली. मी पेठेतल्या निम्म्या लोकांच्या रजया भरल्या आणि तिच्या अंगावर गोणपाट होतं, कारण आपला कापूस त्यांनी जाळला होता. तेव्हा तू लहान नव्हतास, तुला हे आठवत असेल. सलिमाला ठाऊक नाही. आता पोरीला त्या वाऱ्यात नेऊन निजवायचं, कशासाठी? कुत्र्यानं मारलेल्या उंदरासाठी?

उंदीर उकिरड्यात टाकला.

संक्रांत

बायडाबाईकडून तिळगूळ आला नाही. दरवर्षी सगळ्यांत आधी खतिजाच्या हातावर ठेवते. दुपारी कळलं, तिची सासू धोंडुबाई परवापासून तापानं पडली होती, आज पहाटे गेली. थकली होतीच. गोठ्यातच बसून असायची, म्हशीजवळ ऊब मिळते म्हणून. लोक म्हणाले, म्हातारपण, थंडी. जोतीरामही येऊन गेला, त्यानंही तेच लिहून घेतलं.

मी भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. बायडाबाई म्हणाली, “फक्रूभाई, म्हातारीच्या जांघंत गाठ हुती.” हळू बोलली. तिचं हळू बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं.

मी म्हटलं, “म्हातारपणी उठतात गाठी.”

ती गोठ्यात परत गेली.

पौष शुद्ध एकादशी

भिंतीखालचं मुंगूस कुठं दिसत नाही. पेरूवरच्या खारीही नाहीत. परडं अगदी गप्प झालंय. पैलवान दिवसभर झोपून असतो, त्याला काम उरलं नाही. मी सलिमाला म्हटलं, बघ, सगळ्या घुशी संपल्या, आता काही काळजी नाही. ती खतिजाचे कपडे गाठोड्यात बांधत होती. म्हणाली, “मी उद्या पोरीला घेऊन माळावर जाते. तुम्ही या नाहीतर राहा.”

मी तिला जाऊ दिलं नाही. ओरडलो. सुनेवर मी कधी ओरडलो नव्हतो. म्हटलं, हुसेन येईपर्यंत या घरातून कुणी हलायचं नाही, माझ्या नातीला मी वाऱ्यात मरू देणार नाही. खतिजा पैलवानाच्या मागं लपून बसली. सलिमानं गाठोडं सोडलं.

तू असतास तर माझीच बाजू घेतली असतीस. असतास ना? तू आणि तुझा माग. बाप इकडं एकटा सगळं निस्तरतोय, तुझी दोन बोटं चिठ्ठीसुद्धा नाही.

पौष शुद्ध द्वादशी

खतिजाला रात्रीपासून कणकण. जेवली नाही. काढा दिला.

पौष शुद्ध त्रयोदशी

ताप फार आहे. डोळे लाल झालेत. उजव्या जांघेत सुपारीएवढी सूज आहे, हात लावू देत नाही. मला आठवलं, परवा पैलवानानं तिला खेळता खेळता पायरीवरून पाडलं होतं. तेव्हाच लचक भरली असणार. मी सलिमाला तसं सांगितलं. मिठाचा शेक दे म्हटलं.

तिनं शेक दिला. मग पदर खोचून समोरच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिली. इचलकरंजीकडं जाणाऱ्या सुताच्या गाड्या तिथून जातात. एका गाडीवानाजवळ तिनं तुला निरोप दिला. मला विचारलं नाही.

खतिजा मला ओळखते. कुत्र्याला हाक मारते.

पौष पौर्णिमा

हे लिहिणं अवघड आहे, पण तू रोज लिहायला सांगितलं होतंस.

सकाळी सलिमानं पोरीला खांद्यावर घेतलं आणि दार उघडलं. मी उंबऱ्यात उभा राहिलो. ती म्हणाली, “बाबा, बाजूला व्हा.” एवढंच. मी बाजूला झालो. बाहेर बायडाबाई दुधाची गाडी घेऊन उभी होती, सासूचा दहावाही झाला नव्हता तिच्या. तिनं घागरी खाली उतरवल्या आणि खतिजाला वाकळेत गुंडाळून गाडीत ठेवलं. रोग्यांच्या छपरीवर घेऊन गेल्या. एका रोग्याजवळ एकच माणूस बसू देतात, म्हणून मी मागं राहिलो.

दुपारी जोतीराम माणसं घेऊन आला. सगळी गल्ली जमली. त्यानं माझ्याकडं न बघता विचारलं, “उंदीर पडला हुता का?”

मी म्हटलं, “तुला सांगितलं होतं की, कुत्र्यानं मारले. तूच म्हणालास त्याचं काही नाही.”

“म्या कवा म्हटलं?”

“तिजेला. या इथं उभा राहून.”

“चाचा, उगं माझ्यावर ढकलू नगा. पिराएवढं तुमचं वय.”

ज्या वाण्यानं पैलवानाला गूळभाकरी घातली होती त्याचा माळावरून आलेला भाऊ गर्दीतून ओरडला, “कुत्रं घेऊन दारोदार ताप वाटत फिरला म्हातारा! वस्ताद म्हणं!” मग कुणीतरी दगड उचलला. पैलवानाला वाटलं खेळतायत. दोन दगड लागेपर्यंत तो शेपूट हलवत होता. मग वेशीकडं पळाला, तीन पायांवर.

कौलं उतरवली. कापूस परड्यात ओढून पेटवला. पिंजणही टाकायला निघाले होते, ते मी छातीशी धरून बसलो तेव्हा राहू दिलं. जोतीराम म्हणाला, लाकूडच हाय, असू द्या म्हाताऱ्याला.

पौष वद्य द्वितीया, माळावर

झोपडीला तीनच बाजू आहेत. वाहतं वारं. शेजारच्या झोपड्यांतले लोक माझ्याशी बोलत नाहीत, पाणी मात्र लांबून ओततात.

बायडाबाई छपरीवर दूध घालायला जाते ती याच वाटेनं. आज थांबली. म्हणाली, “हुसेन आलाय.”

मी उठून उभा राहिलो.

“छपरीच्या दारात बसलाय काल संध्याकाळपास्नं. म्या म्हटलं, बा तिकडं माळावर हाय, जाऊन भेट. मान फिरिवली त्यानं.”

मी विचारलं, “पोरगी?”

“हाय. गाठ मोठी झालिया. वैद्य म्हनतोय, पिकून फुटली तर वाचंल, आत जिरली तर सांगता येत न्हाय.” मग तिनं घागर खाली ठेवली आणि म्हणाली, “फक्रूभाई, एक इचारू? आमच्या उकिरड्यात तुम्ही रोज टाकत हुता. तुमास्नी ठावं हुतं का न्हाय? एवढंच सांगा. म्हातारी माझी गेली, मला एवढं कळू द्या.”

मी म्हटलं, “बायडाबाई, कुत्र्यानं मारलेल्या घुशीला मी पडली कसं म्हणू?”

तिनं माझ्या वाट्याचं दूध ओतलं, घागर उचलली आणि गेली. राग नव्हता तिच्या तोंडावर. राग असता तर बरं झालं असतं.

पौष वद्य चतुर्थी

सकाळपासून थंडी भरून येते. डाव्या काखेत ठणकतंय. पिंजण छातीशी धरून बसलो होतो तेव्हा अवघडलं असणार. अक्षर वाकडं येतंय, समजून घे.

हुसेन, वही तुला देण्यासारखी राहिली नाही, हे पान तेवढं फाडून बायडाबाईजवळ देतो. ती घेईल की नाही ठाऊक नाही. तू मला भेटायला येऊ नकोस. माझ्याशी बोलू नकोस, तुझ्या मनात असेल ते मनात ठेव, मी ते ऐकायला मागत नाही. सलिमाला विचारू नकोस मी काय म्हणालो होतो, तिला आता त्रास देऊ नकोस. मी तिला जाऊ दिलं असतं एकादशीला, तर काय झालं असतं, हा विचार मी दिवसभर करतो आणि पुढं जात नाही.

मला एवढंच हवंय. खतिजाची गाठ फुटली का? दुसरं काही नको. फुटली असेल तर फुटली म्हण, नसेल तर नाही म्हण, पण कुणाच्या तरी तोंडी आजच सांगून पाठव, उद्यावर टाकू नकोस. बायडाबाई संध्याकाळी रिकाम्या घागरी घेऊन याच वाटेनं परत जाते. ती माझ्यापाशी थांबली नाही तरी चालेल. वाटेवरूनच ओरडू दे. तिचा आवाज मला इथं ऐकू येतो.